कूड

बस मानपाड्यापर्यंत. पुढे रिक्षा.
पुढे रिक्षावालाच म्हणाला, इथून चालत जा,
संध्याकाळचं बिबट्याचं लफडं नको.
मग खांद्यावर गादी, काखेत इंडक्शनची शेगडी
आणि टेटूपाड्याची वाट,
जी मला ओळखेल असं मी धरून चाललो होतो.

नाही ओळखलं.
एका कुत्रीने तेवढा पायाचा वास घेतला,
ग्रीस असेल अजून,
आणि शिंकली.

सोळा वर्षं रबाळ्याला.
आडनाव बरफ आणि काम भट्टीवर.
कुट्टीसाहेब दर नव्या माणसाला हा जोक सांगायचे,
मी दर वेळी हसायचो.
पगारात धरलेलं असावं ते.
डावा कान तिथेच राहिला,
प्रेसच्या आवाजाखाली, हळूहळू,
पंचनामा होण्यासारखं काही घडलं नाही.

खोपीचा जुना कूड वाळवीने वाचून संपवला होता.
रेवजी म्हणाला, गार्डाला सांगून ठेवलंय, चल.
कारवी मी गेलो तेव्हा फुलली होती.
मग मी नसताना दोनदा,
शेवटची परवाच्या श्रावणात.
म्हणजे आता मेलेली. म्हणजे कामाची.
'फुलून गेलेलीच तोड,' रेवजी म्हणाला,
'त्या कोवळीला हात नको लावू,
तिचं राहिलंय अजून.'
मी कोयता खाली केला.
बावन्न वर्षांच्या माणसाने
उगाच इकडेतिकडे बघितलं.

काठ्या विणल्या. मग शेणमाती.
हाताला भट्टीची सवय, शेण गार लागलं.
बुधीने माझं सारवण पाहून तोंडाला पदर लावला,
मग कोपरापर्यंत हात घालून
माझी अर्धी भिंत खरवडली आणि पुन्हा केली.
तिची अर्धी आणि माझी अर्धी
अजून वेगळी ओळखू येते.
माझीला भेगा आहेत.
त्यातून सकाळी सहाची एक रेघ येते,
बरोबर डोळ्यावर.

पौषात थंडी कुडातून येते,
पण चोरासारखी नाही,
पाहुण्यासारखी, आधी खोकून.
पहिल्या रात्री मी दोन्ही गोधड्या आणि रेनकोट घालून बसलो.
डाव्या कानात प्रेस चालूच, तिसरी पाळी.
उजव्यात रातकिडे.
मध्ये मी, कुणी आधी थांबतंय याची वाट बघत.

खाली घोडबंदरचे टॉवर.
एकतिसाव्या मजल्यावर कुणी बाल्कनीत येऊन
आमचा अंधार बघत असेल.
फॉरेस्ट व्ह्यू म्हणून वेगळे पैसे मोजलेत त्याचे.
त्यात आता मीपण आहे,
विडीच्या ठिणगीएवढा.
कळवा त्यांना. किंवा नको.

व्होल्टेज येतं ते बल्बापुरतं.
इंडक्शनवर बुधीची कोंबडी बसते,
गुळगुळीत काळ्या काचेवर, मालकिणीसारखी.
तापली नाही अजून. अंडी मात्र दिलीत, तीन.
विस्तव मी शेजारून आणतो, करवंटीत,
चालताना फुंकत.
पहिल्या दिवशी बोटं भाजली
आणि मला हसू आलं,
सोळा वर्षं बाराशे डिग्रीसमोर उभा राहून
एका निखाऱ्याने.

पीएफच्या फॉर्मवर विचारलंय, घर क्रमांक.
रेवजीच्या पोराने पेन हातात धरून विचारलं, काय लिहू?
बाहेर बघितलं.
टेटूची एक शेंग वाऱ्यावर तलवारीसारखी हलत होती.
लिही, म्हटलं, बुधी सवराच्या घरामागे.
चौकोनात मावलं नाही.
शेवटचे दोन शब्द कागदाच्या कडेने खाली उतरले,
पाड्याच्या वाटेसारखे.

कुत्री आता दारात झोपते.
नाव ठेवलेलं नाही.
नाव ठेवलं की वाघ्या नेतो, असं म्हणतात इथे,
आणि मी अजून नवीन आहे, ऐकून घेतो.

उन्हं चढली की कारवीचं बी तडकेल.
रात्रभर टक, टक, सगळ्या उतारावर,
रेवजीने आधीच सांगून ठेवलंय, घाबरून उठू नको.
बघू,
कुठल्या कानाने येतं.